मोकळी चाकं

ज्या माणसाने आयुष्यात कुणाच्याही म्हणण्याला सहजासहजी ‘बरं’ म्हटलं नाही, त्याच्या तोंडात नेमका तोच एक शब्द शिल्लक राहावा, याला काय म्हणायचं? मेंदूत रक्ताची एक गुठळी काय अडकली, सासऱ्यांची सगळी भाषा वाहून गेली आणि जाताना एवढा एक शब्द मागे विसरली. चहा हवा, ‘बरं’. चहा नको, ‘बरं’. उशी सरकली, ‘बरं’. डॉक्टरांचं तोंड बघवत नाही, तरी ‘बरं’च. सुरुवातीला सुनेला वाटलं, म्हातारा अगदी गरीब गाय झाला. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, की शब्द एकच असला तरी आवाजाच्या चढउतारात जुना माणूस जसाच्या तसा शाबूत आहे.

भाषेबरोबर उजवा हातही गेला होता. पाय ओढत का होईना, धरून धरून खुर्चीपर्यंत न्यायचा. हात मात्र दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडून राहायचा. रोज सकाळी एक तरुण फिजिओ यायची. बोलायला गोड, कामाला खमकी. ती त्यांच्या तळव्यात रबरी चेंडू ठेवायची, बोटं त्याच्याभोवती मिटवायची आणि म्हणायची, “दाबा काका.” चेंडू घरंगळून पलंगाखाली जायचा. एकदा गेला, दोनदा गेला. पुढच्या वेळी सासऱ्यांनी डाव्या हाताने तिचाच हात बाजूला सारला आणि डोळे मिटून घेतले. त्या दिवसापासून फिजिओची चाहूल लागली की त्यांना गाढ झोप येऊ लागली.

“सोंग आहे, कळतंय मला,” एकदा जाता जाता ती दारात सुनेला म्हणाली. “पण वहिनी, खरं सांगू? हात पूर्ण गेलेला नाही. आत्ता वापरला तर थोडाफार परत येईल. असाच पडून राहिला तर आखडेल, आणि मग माझ्याकडेही त्याला औषध नाही. काकांनीच ठरवून टाकलंय, की त्यात आता काही उरलं नाही. निदान तो त्यांच्या नजरेसमोर तरी ठेवत जा. टेबलावर वगैरे.”

सुनेने मान डोलावली. झोपलेल्याला उठवता येतं. सोंग घेतलेल्याला कोण उठवणार?

सासरे नोकरीत होते तेव्हा वजनं-मापं तपासायचे. बाजारातला एकेक तराजू त्यांच्या नजरेखालून जायचा, आणि दुकानदार त्यांच्या पाठीमागे त्यांना ‘काटा’ म्हणायचे. तराजूचा की पायात मोडणारा, ते ज्याने त्याने ठरवावं. निवृत्त झाल्यावर त्यांनी मागच्या खोलीत एक भलंमोठं लाकडी टेबल ठोकून घेतलं आणि त्यावर आगगाडी वसवली. बोटभर रुंदीचे रूळ, काड्यापेटीएवढी स्टेशनं, विजेवर चालणारं इंजिन आणि तळहातावर मावतील असे डबे. इंजिनाचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. वीज दिली की ते ओढणारच, त्यात त्याचा काय मोठेपणा, असं त्यांचं मत. त्यांचा सगळा जीव डब्यांच्या चाकांत. डबा उताराच्या फळीवरून सोडायचा, कुठवर जाऊन थांबतो तिथे खडूची रेघ मारायची, मग चाकं काढून तासभर खुडबुड करायची आणि डबा पुन्हा सोडायचा. रेघ थोडी जरी पुढे सरकली, तरी त्या दिवशी स्वारी जेवणाला नावं ठेवत नसे.

सुनेचा आणि त्या टेबलाचा छत्तीसचा आकडा. ती शेजारच्या खोलीत शिवणकाम करायची. पडदे, उश्यांचे अभ्रे, लोकांच्या घट्ट झालेल्या कपड्यांची उसवाउसवी. तिच्या मशीनचे दोरे आणि कापडाचा भुगा वाऱ्यावर या खोलीत यायचा. “तुझे दोरे माझ्या रुळांवर येतात,” हे वाक्य तिने लग्न झाल्यापासून इतक्या वेळा ऐकलं होतं, की स्वतःचं नावही तितकं ऐकलं नसेल. एकदा तिने चांगल्या मनाने टेबल पुसायला घेतलं, तर हात लावायचा नाही असं फर्मान निघालं. मग तिनेही नाद सोडला. झाडायचं ते टेबलाखालून. वर धूळ बसली तर बसो बापडी.

आजारपणात त्यांचा पलंग याच खोलीत आणला, कारण न्हाणीघर इथून जवळ. पलंग मावावा म्हणून टेबल खिडकीच्या कोपऱ्याकडे सरकवलं. तेव्हापासून कुणी गाडीचं बटण दाबलं नव्हतं.

एका रविवारी नवऱ्याला वाटलं, बाबांचं मन रमेल. त्याने मोठ्या उत्साहाने गाडी सुरू केली. इंजिनाने घुर्र केलं, त्याची चाकं जागच्या जागी फिरली, डबे मात्र ढिम्म. नवऱ्याने मागून बोटाने ढकललं, तसे ते कुरकुरत वीतभर गेले आणि त्यातला एक रुळावरून उतरून आडवा पडला. सासऱ्यांनी ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बरं,” ते भिंतीला म्हणाले.

तो ‘बरं’ सुनेच्या काळजाला लागला. रागाचा असता तर तिला चालला असता. रागाशी तिची जुनी ओळख होती. हा मुकाट्याने कबूल केल्याचा होता. हातावर त्यांनी आधीच पाणी सोडलं होतं, आता डब्यांवरही सोडलं.

मशीन अडलं की दोन थेंब तेल, एवढं एक शास्त्र तिला पक्कं ठाऊक होतं आणि आजवर ते कधी खोटं ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे झोपलेले पाहून ती लांब चोचीची तेलाची बाटली घेऊन आली. एकेक डबा उलटा करून तिने चाकांच्या सांध्यांत तेल सोडायला सुरुवात केली. शेवटचा डबा हातात असताना मागून आरोळी आली.

“बरं! बरं! बरं!”

सासरे कोपरावर उठायला बघत होते. तोंड लाल, डावा हात हवेत, बोट तिच्या दिशेने. तिच्या हातातून डबा निसटून टेबलावर पडला.

“अजून तेच का, बाबा?” ती बोलू नये ते बोलून गेली. “तुम्हाला भरवते मी, तुमचं अंथरूण बदलते मी, त्याला माझा हात चालतो. आणि या खेळण्याला लागला तर एवढा थयथयाट?”

सासरे तिच्याकडे बघत राहिले. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी हळूच “बरं” म्हणाले आणि आडवे झाले. ती तरातरा शेजारच्या खोलीत गेली, मशीनवर बसली आणि एका उशीचा अभ्रा चारी बाजूंनी शिवून बसली.

तेलाने आधी कमाल केली. डबे सुळसुळ पळाले, नवऱ्याने तिची पाठ थोपटली. सासरे मात्र छताकडे बघत पडून राहिले. आणि मग थोड्याच दिवसांत आगीतून फुफाट्यात. खोलीतली सगळी धूळ, सगळा भुगा त्या तेलाला येऊन चिकटला, त्याचा काळा चिकट लगदा झाला आणि डबे पहिल्यापेक्षा घट्ट बसले. आता ढकललं तरी जाईनात.

त्याच सुमाराला सासरे एक नवीनच खूण करू लागले. डाव्या हाताची तीन बोटं जुळवायची आणि हवेत घासायची. नवऱ्याने ते पाहिलं आणि तो आनंदाने उडालाच.

“अगं, बाबांना लिहायचंय! बोलता येत नाही म्हणून लिहून सांगणार आहेत!”

संध्याकाळी तो पाटी, वह्या, पेनं, पेन्सिली, जे दिसेल ते घेऊन आला. सासऱ्यांनी पेनं बाजूला सारली. शिसपेन्सिल उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि ‘बरं’ म्हणाले; स्वर पसंतीचा होता. नवऱ्याने घाईघाईने वही उघडून पुढे धरली. त्यांनी वही ढकलली. त्याने पुन्हा धरली. त्यांनी ती भिरकावली, थेट दारापर्यंत.

“मग हवंय तरी काय तुम्हाला, बाबा?” नवऱ्याचा आवाज रडवेला झाला.

“बरं,” सासरे म्हणाले, पेन्सिल मुठीत घट्ट धरून.

नवरा बाहेर जाऊन पायरीवर बसला. सुनेला त्याचीही दया आली आणि सासऱ्यांचीही. एकाला सांगता येत नव्हतं, दुसऱ्याला समजत नव्हतं, आणि दोघांचाही हट्ट सारखाच.

दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन खोलीत आली आणि दारातच थबकली. सासरे खुर्चीत बसले होते. टेबलावरचा पिवळा डबा त्यांनी कसाबसा ओढून घेतला होता आणि पालथा करून गुडघ्यांच्या मध्ये पकडला होता. डाव्या हाताने ते पेन्सिलीचं टोक चाकाच्या आसाशी नेत होते. आस म्हणजे दोन चाकांना जोडणारी काडी. तिची सुईसारखी टोकं डब्याखालच्या चौकटीतल्या खाचांमध्ये बसतात आणि तिथेच फिरतात. पेन्सिल घसरली. पुन्हा नेली, टोक मोडलं. मोडलेल्या टोकाची काळी पूड मांडीवर सांडली. ती त्यांनी बोटाच्या शेंड्यावर उचलली आणि त्या खाचेशी नेऊ लागले. बोट थरथरलं, पूड उडून गेली.

सुनेने चहा खाली ठेवला. मांडीवरची चिमूटभर पूड उचलून तिने बोटांत चोळली. गुळगुळीत, कोरडी, आणि बोटं एकमेकांवरून सटकन सरकत होती. तेलासारखीच सरकत होती, पण चिकटत नव्हती. धुळीने हिच्यात बसायचं कशाला?

“बाबा,” ती म्हणाली, “त्या दिवशी तुम्ही तेल नको म्हणत होतात? मला नको म्हणत नव्हतात?”

सासऱ्यांनी मान वर केली. खोटं वजन वापरणारा दुकानदार एकदाचा खरं वजन काढून ठेवतो, तेव्हा त्याच्याकडे बघत असतील तसं त्यांनी तिच्याकडे बघितलं.

“बरं,” ते म्हणाले. सुटल्यासारखे.

तिला हसूही आलं आणि रडूही. इतके दिवस ती उगाच तोंड फुगवून वावरत होती आणि हे बिचारे एका पेन्सिलीसाठी जिवाचं रान करत होते. शिवायला आलेले पडदे तिने तसेच कोपऱ्यात लोटले, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. “सांगा. आज हात माझे, डोकं तुमचं.”

डोकं जागेवर होतं आणि स्वभावही. आधी साबणाचं पाणी, जुना दातांचा ब्रश. चौकट दोन बोटांनी जराशी फाकवून चाकांची जोडी बाहेर काढायची. तिने जोर केला तर ‘बरं!’, हलक्या हाताने केलं तर ‘बरं’. आसाभोवती दोरे गुंडाळलेले होते. शिवण उसवायच्या टोकदार हत्याराने ते सोडवताना तिला एकेक दोरा ओळखू येत होता. हा जांभळा शेजारणीच्या पडद्यांचा. हा पांढरा तिच्याच नवऱ्याच्या शर्टांचा. सासरे तिच्याकडे बघत होते, भुवया वर.

“हो, माझेच आहेत,” ती म्हणाली. “इतकी वर्षं तुम्ही खरं बोलत होतात. झालं समाधान?”

समाधान चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांनी खणाकडे बोट केलं. त्यातून निघालं एक बोटभर लांबीचं पोलादी हत्यार, दोन्ही टोकांना आसासारखंच निमुळतं. ते चौकटीत आसाच्या जागी बसवायचं आणि बोटांत धरून फिरवायचं, की खाचेतला मळ आणि प्लास्टिकचा खडबडीतपणा निघून जातो. तिने फिरवलं. बारीक कीस बाहेर आला. सासऱ्यांनी ते बघायला दोन्ही हात पुढे केले, निदान त्यांच्या मनाने तरी दोन्ही केले, आला एकच. दुसरा मांडीवरच होता. सुनेने न दिसल्यासारखं करून चौकट त्यांच्या डाव्या हातात दिली.

शेवटी पेन्सिलीचं शिसं पॉलिश पेपरवर घासून पूड केली, काडीच्या टोकाने खाचांमध्ये चिमूट चिमूट भरली आणि चाकं परत बसवली. तिने चाकाला नखाने हलकी टिचकी मारली. चाक फिरलं. फिरत राहिलं. दोघंही श्वास रोखून बघत होते आणि ते आपलं फिरतंच होतं. फळीवरून सोडल्यावर डबा खडूच्या सगळ्या जुन्या रेघा ओलांडून भिंतीवर जाऊन आपटला.

“बरं!” सासरे ओरडले. शाबासकी द्यायची या घरात पद्धत नव्हती, पण ती शाबासकीच होती.

तिने पिवळा डबा टेबलावरच्या रुळावर, अगदी मधोमध ठेवला. फिजिओने सांगितल्याप्रमाणे सासऱ्यांचा उजवा हात उचलून टेबलाच्या कडेला, रूळ संपतो तिथे मांडला आणि ती हात पुसायला फडकं शोधू लागली. वळून बघते तर डबा जागेवर नाही. कुणी न ढकलता तो सावकाश, आवाज न करता खिडकीच्या बाजूला चालला होता. टेबल सरकवलं त्या कोपऱ्यातली फरशी जराशी खचलेली होती. एरवी डब्यांची चाकं अडलेली, आणि तेलावर पळाली तेव्हा डबे इंजिनाला जोडलेले, म्हणून ही गोष्ट कुणाला कळलीच नव्हती.

डबा सासऱ्यांच्या उजव्या हातापर्यंत आला, पहिल्या बोटाला टेकला आणि थांबला.

“थांबा, काढते,” ती म्हणाली आणि पुढे झाली.

डबा मागे गेला. सूतभर. मग उताराने परत येऊन बोटाला टेकला.

तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. तिने बोटाकडे पाहिलं. बोट हललेलं दिसलं नव्हतं. डबा पुन्हा मागे गेला, या वेळी जरा जास्त, आणि पुन्हा परत आला.

“बाबा, हे तुम्ही करताय?”

सासऱ्यांनी ‘बरं’ म्हटलं नाही. तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत बघत राहावं तसे ते त्या बोटाकडे टक लावून बघत होते. चेंडू दाबण्याइतकी ताकद त्या बोटात नव्हती. जी होती ती इतकी थोडी, की चेंडूला कळली नसती, फिजिओला कळली नसती, खुद्द त्यांनाही कळली नव्हती. डब्याला कळली, कारण डबा तेवढा मोकळा झाला होता. त्यांचे डोळे भरले आणि गालावरून वाहू लागले. ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. सुनेने हातातल्या फडक्याने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग त्यांचे. दोघांच्या तोंडाला शिसं लागलं.

संध्याकाळी नवरा आला. वजनमापवाल्याचाच मुलगा तो; त्याला आधी दिसला तो उतार.

“अरे, टेबल कललंय! थांबा, पायाखाली पुठ्ठा घालतो.”

“पुठ्ठा गेला खड्ड्यात,” सून म्हणाली. “तुम्ही आधी इकडे या आणि गप्प बसून बघा.”

त्याने बघितलं. डबा गेला, आला. गेला, आला. तो पलंगावर बसला आणि बापाच्या बोटाकडे बघत राहिला.

सकाळी फिजिओ आली तेव्हा सासरे जागे होते. तिने सगळं पाहिलं, पिशवीतला चेंडू बाहेर काढला, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि परत पिशवीत टाकला. “काका, आता मी आले की झोपायचं नाही हं,” एवढंच म्हणाली. त्यानंतर रोज डब्याचा व्यायाम होऊ लागला. आधी एक बोट, मग दोन. डबा रोज थोडा लांब जाऊन परत येऊ लागला, आणि एके दिवशी टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन रुळावरून खाली उतरला. तो आणून द्यायला सुनेला उठावं लागलं आणि उठताना तिला कोण आनंद झाला.

त्याच दुपारी तिने ठरवलं, की आता सगळेच डबे मोकळे करायचे. बाबांची इतक्या वर्षांची हौस. पुन्हा अख्खी गाडी धावू दे. साबणाचं पाणी केलं, पेन्सिल घासून ठेवली, हत्यार घेतलं आणि तपकिरी मालडबा उचलला. तेलाचा लगदा सगळ्यात जास्त याच्यातच बसला होता.

सासऱ्यांचा डावा हात तिच्या हातावर आला.

“बरं,” ते म्हणाले. मान नकाराची होती.

“का? हाही पिवळ्यासारखा करू ना?”

त्यांनी डबा तिच्याकडून काढून घेतला. तशाच्या तसा, मळलेला, चिकटलेला, रुळावर ठेवला; उजव्या हाताच्या अगदी पुढ्यात. अडलेलं चाक ज्या माणसाला जन्मात कधी बघवलं नाही, त्याने ते स्वतःच्या हाताने समोर मांडलं.

“बाबा, तो हलायचा नाही. फार घट्ट आहे.”

त्यांनी बोट टेकवलं आणि जोर लावला. कपाळावर घाम आला, मानेची शीर ताठ झाली. डबा हलला नाही. सून मदतीला अर्धी उठली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून परत बसली. हातातलं हत्यार तिने खणात ठेवून दिलं.

सासऱ्यांनी बोट मागे घेतलं, थोडा दम खाल्ला, आणि पुन्हा टेकवलं.